स्की बूट घेताना आधी शेल मोजा

पाय घातल्या घातल्या चपलेसारखा आरामात बसणारा स्की बूट बहुतेक वेळा एक नंबर मोठा असतो. आतलं लायनर (काढता येणारा मऊ भाग) चार-पाच दिवसांत दबतं, जागा वाढते आणि वळण घेताना टाच उचलायला लागते. मग बकल आवळले जातात, रक्त अडतं, बोटं बधिर होऊन गार पडतात आणि दोष जातो थंडीवर. नडगीवरचे काळेनिळे डागही बहुधा याच सैलपणातून येतात, कारण पाय आत पुढेमागे आपटत राहतो.

स्की बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. टाच भिंतीला टेकवून, पायावर वजन देऊन उभं राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा (ते अंगठाच असेल असं नाही). २६५ मिलिमीटर भरलं तर नंबर २६.५. दोन्ही पाय मोजा, थोडा फरक निघतोच. बहुतेक कंपन्यांमध्ये २६ आणि २६.५ यांचं बाहेरचं प्लॅस्टिक, म्हणजे शेल, एकच असतं. अर्धा नंबर वाढवून खरी जागा मिळत नाही.

म्हणून खरी परीक्षा शेलची. लायनर काढून ठेवा आणि मोठा पाय रिकाम्या शेलमध्ये घाला. बोटं पुढे हलकेच टेकवा, गुडघा थोडा वाकवा आणि टाचेमागे किती फट उरते ते टॉर्चने बघा. दीड ते दोन सेंटिमीटर म्हणजे बरोबर. स्कीवर घट्ट ताबा हवा असणारे एक सेंटिमीटरपर्यंत जातात. अडीच दिसले तर तो बूट कितीही आवडला असला तरी परत ठेवा. त्याच वेळी घोटा आणि चवडा कडेच्या प्लॅस्टिकला टेकतात का, तेही बघून घ्या.

चवडा रुंद म्हणून लांब बूट घेणं ही चूक फार होते. रुंदीचं माप वेगळं दिलेलं असतं आणि ते साधारण २६.५ नंबरावर धरलेलं असतं: ९७-९८ मिलिमीटर अरुंद, १०० मध्यम, १०२ च्या पुढे रुंद. जिथे रुततं तिथे कारागीर शेल तापवून काही मिलिमीटर बाहेर काढू शकतो. मोठं शेल मात्र लहान करता येत नाही.

आता लायनर परत घालून बूट चढवा. पायमोजा एकच घाला, पातळ. दोन मोज्यांनी ऊब वाढत नाही, फक्त रक्त दाबलं जातं. टाच दोन-तीनदा जमिनीवर ठोकून मागे बसवा, आधी वरचे बकल आणि पट्टा लावा, गुडघे पुढे दाबा आणि शेवटी खालचे दोन बकल अगदी हलके लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. असे १५-२० मिनिटं उभे राहा. सगळीकडून सारखा दाब चालेल. एकाच जागी आग होत असेल तर कारागिराला नेमकं बोट ठेवून दाखवा.

फ्लेक्स म्हणजे बुटाचा ताठपणा. शिकाऊ माणसाला ६० ते ८०, बरं जमणाऱ्याला ९० ते ११०, त्यापुढे जोरात उतरणाऱ्यांना किंवा वजनदार शरीराला. पण हे आकडे ठरवणारं सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा १०० दुसरीच्या ९० सारखा लागू शकतो. शिवाय गारठ्यात प्लॅस्टिक आणखी ताठ होतं, त्यामुळे उबदार दुकानात जेमतेम वाकणारा बूट बर्फावर मुळीच वाकणार नाही.

लिफ्टने वर जाऊन उतरणार असाल तर साधा अल्पाइन बूट घ्या. स्कीवरूनच चढ चढायचा असेल तर घोटा मोकळा करणारा टूरिंग बूट लागतो. तो हलका असतो, पण उतरताना आधार सहसा कमी देतो. तळ आणि बाइंडिंग (बूट स्कीवर पकडून ठेवणारी यंत्रणा) जुळतात का, हे पैसे देण्याआधी तपासा. आयएसओ ५३५५ या प्रमाणाचा सपाट अल्पाइन तळ, ग्रिपवॉक (चालायला सोपा, थोडा वळलेला तळ) आणि टूरिंगचा तळ हे तिन्ही वेगळे आहेत.

वापरलेला बूट घेताना पुढची आणि मागची तळाची कड झिजलेली नाही ना, हे बघा. बाइंडिंग तिथेच पकडतं, आणि झिजलेल्या कडेमुळे पडल्यावर स्की वेळेवर सुटेलच असं नाही. नवा असो वा जुना, बूट बदलला की तळाची लांबी बदलू शकते. ती मिलिमीटरमध्ये टाचेजवळ कोरलेली असते. तो आकडा दाखवून तंत्रज्ञाकडून बाइंडिंग पुन्हा जुळवून घ्या.