पाच तासांचा गेम आणि तासाला वीस रुपये

मी लंडनमध्ये राहतो म्हटलं की कोथरूडमधल्या नातेवाइकांच्या भुवया कौतुकाने वर जातात. 'कॅनडातलं लंडन' असं पुढे जोडलं की त्याच भुवया हळूच खाली येतात. ऑन्टारिओतलं हे लंडन. इथेही नदीचं नाव थेम्सच, बाजाराचं नाव कॉव्हेंट गार्डनच. गोऱ्यांनी गावाबरोबर नावंही बोचक्यात बांधून आणली. डिसेंबरात पाच वाजताच अंधार पडतो आणि ह्युरॉन सरोवराकडून बर्फ सुरू झाला की दोन-दोन दिवस थांबत नाही. मी एका बेसमेंटमध्ये राहतो. खिडकी आहे, पण बर्फ साचला की ती आहे हे आठवणीनेच कळतं.

तर मागच्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी, रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. पुण्यात रविवारचे सकाळचे नऊ. मागे ताई पोहे परतत असल्याचा आवाज.

"मामा, डार्कनेस टू घेऊ का? सगळे म्हणतात पाच-सहा तासांत संपतो. पैसे वसूल होतील का?"

हा प्रश्न त्याने मला विचारण्याचं कारण म्हणजे गेम माझ्या गावचा आहे. 'द डार्कनेस २' इथल्या डिजिटल एक्स्ट्रीम्स या स्टुडिओने केला, २०१२ साली. भाच्याच्या मते एका गावात राहतो म्हणजे मामाची तिथे ओळख असणार. ओळख कसली! पण गेम मी खेळलो होतो, दोनदा.

'वसूल' हा शब्द मात्र मला थेट नेट कॅफेत घेऊन गेला. आमच्या वेळी तासाला वीस रुपये. काउंटर-स्ट्राइकची फेरी रंगात आली की कॅफेवाला काका "चला, वेळ संपली" म्हणत खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. गेमचा पैसा तासावर मोजायची सवय आमच्या पिढीला तिथे लागली. त्या हिशोबाने हा गेम साफ आतबट्ट्याचा. त्याच स्टुडिओने पुढच्याच वर्षी, २०१३ ला, वॉरफ्रेम काढला. तो फुकट आहे आणि खेळावा तितका खेळता येतो. तासच मोजायचे तर प्रश्न तिथेच मिटला.

पण मी आता तास वेगळे मोजतो. इथे आल्यावर पहिल्याच सेलमध्ये हौसेने एक शंभर तासांचा गेम घेतला. घोडा आहे, डोंगर आहेत, गावोगावी लोक कामं सांगतात. चार वर्षं झाली, माझा घोडा अजून दुसऱ्याच गावात उभा आहे. नोकरी, डबा, कपडे, दारातला बर्फ उपसणं हे सगळं उरकल्यावर आठवड्यात दोन तास हाती लागले तर नशीब. अशा माणसाला पाच तासांत शेवट दाखवणारा गेम म्हणजे उपकार आहेत.

आणि या गेमचे पाच तास भरगच्च आहेत. नायक जॅकी हा न्यूयॉर्कच्या माफियाचा डॉन, आणि त्याच्या अंगात अंधार वस्तीला आहे. मूळ पात्र १९९६ च्या कॉमिकमधलं, त्यामुळे चित्रंही शाईने रेघा मारल्यासारखी. सुरुवात एका रेस्टॉरंटमध्ये. टेबलं, गप्पा, ओळखीचे लोक, आणि एकाएकी हल्ला. पाय निकामी झालेल्या जॅकीला त्याचा माणूस फरफटत मागे ओढतोय आणि आपण जमिनीवर पडल्या पडल्या गोळ्या झाडतोय. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा हातातला चहा पार गार झाला होता.

मग खांद्यांवरून सापासारखे दोन हात फुटतात. माणसाच्या दोन हातांत दोन बंदुका आणि वर हे दोन. डावा पकडतो, उजवा फाडतो. डाव्याने गाडीचं दार उपटायचं, त्याची ढाल करायची, त्याआडून गोळ्या झाडायच्या आणि कंटाळा आला की तेच दार समोरच्यावर भिरकवायचं. सुरुवातीला बोटांची तारांबळ उडते. अर्ध्या तासाने मात्र चार हात असणं अगदी स्वाभाविक वाटायला लागतं, दोनच असलेल्या माणसांची कीव येते.

यातली खरी गंमत उजेडाची आहे. उजेडात पाऊल पडलं की ते दोन हात गायब, डोळे दिपतात, समोरचं नीट दिसत नाही. म्हणून खोलीत शिरल्यावर आधी माणूस टिपायचा नाही, बल्ब टिपायचा. हे शत्रूलाही माहीत असतं, तो मोठाले दिवे घेऊनच येतो. भाच्याला म्हटलं, "गुरुवारी लाइट गेली की तुम्ही महावितरणच्या नावाने बोटं मोडता ना? इथे लाइट जावी म्हणून गोळ्या खर्च करायच्या." मी माझ्या गाडल्या गेलेल्या खिडकीखाली दिवा बंद करून खेळलो. त्या खोलीचा तेवढाच एक चांगला उपयोग झाला.

उणिवाही सांगितल्या. रक्तपात भयंकर आहे, मेलेल्यांची काळजं खाऊन तब्येत सुधारायची वगैरे. भाचा अठरा पूर्ण आहे म्हणून ठीक, पण ताई पोह्याची डिश घेऊन मागून आली तर खुलासा त्याने करायचा, मामाचं नाव घ्यायचं नाही. पहिला भाग २००७ चा, दुसऱ्याच स्टुडिओचा, आणि तो कॉम्प्युटरवर आलाच नाही. आधीची गोष्ट सुरुवातीला सांगतात, पण जेनीचं, म्हणजे जॅकीच्या मारल्या गेलेल्या प्रेयसीचं, दुःख त्याला जेवढं आहे तेवढं आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. आणि शेवट! ऐन मोक्याला पडदा पाडलाय, आणि तिसरा भाग आलेला नाही. लांबीपेक्षा मला हे जास्त खुपलं. भरत नाट्य मंदिरात एकांकिका पाहून "लहान होती" अशी तक्रार घेऊन कोण बाहेर पडतं? पण ब्लॅकआउट चुकीच्या जागी झाला तर आपण कट्ट्यावर तासभर भांडतो.

शेवटी निकाल दिला: पूर्ण किमतीला घेऊ नकोस. सेलची वाट बघ, बालगंधर्वच्या पुढच्या रांगेतल्या तिकिटाइतका खाली आला की डोळे झाकून घे. जुना गेम आहे, तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल. आणि नाहीच आवडला तर स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, १४ दिवसांत परत करता येतो, फक्त एकूण खेळ दोन तासांच्या आत हवा. यावर तो लबाड लगेच म्हणाला, "म्हणजे जवळजवळ अर्धा गेम फुकट!" कोकणस्थ आजोबांचं रक्त, दुसरं काय.

सेल लागला, त्याने घेतला. एका रात्री मेसेज: "१ तास ५२ मिनिटं झाली मामा. भारी आहे. पण परत करू का? ठरत नाहीये." मी उत्तर लिहीपर्यंत पुण्यात ताईने जेवायला हाक मारली होती. ताट वाढलेलं असताना ताईपुढे कोणाचं चालत नाही. भाचा गेम तसाच चालू ठेवून उठला, वरण-भात खाल्ला, आजीच्या गोळ्या काढून दिल्या आणि परत येऊन पाहतो तर खेळाचा वेळ २ तास ३७ मिनिटं.




आता पूर्ण करतोय बिचारा.