लीद पडेपर्यंत

मे महिन्यातली शनिवारची रात्र. नऊच्या सुमारास माथेरानहून मामांचा फोन आला. "डॉक्टरताई, चंपा सारखी उठबस करतेय. सकाळपासून लीद टाकलेली नाही." मामांचे चार घोडे, आणि तीस वर्षं हाच धंदा. ते उगाच घाबरणारे नव्हेत. नेरळहून टॅक्सीने दस्तुरीपर्यंत गेले. पुढे गाड्या बंद. मामांचा पुतण्या घ्यायला आला होता. सलाईनच्या बाटल्या, नळी, पंप असा सगळा पसारा दोघांनी वाटून घेतला आणि लाल मातीतून टॉर्चच्या उजेडात निघालो.

तोंडातून काहीही पाजू नका, हे फोनवरच बजावलं होतं. तरी पोहोचले तेव्हा शेजारचे एक काका गोड्या तेलाची बाटली घेऊन उभे होते. मी अक्षरशः हात जोडले. कळा येत असलेल्या घोड्याचं तोंड वर धरून तेल ओतलं, तर ते सहज श्वासनलिकेत उतरतं. असा एक घोडा मी पाहिलाय. पोट बरं झालं होतं त्याचं, फुप्फुसांनी गेला.

चंपा कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, नऊ वर्षांची. पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून कुशीकडे बघत होती. जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजली, ५६ भरली. निवांत घोड्याची २८ ते ४४ असते. हिरडी दाबून सोडली, तर रंग परतायला तीन सेकंद लागले, आणि हिरडीला बोट चिकटलं. अंगातलं पाणी आटल्याची खूण.

"मामा, पाणी किती प्यायली?"

"पाजलं की संध्याकाळी."

"किती?"

मामांनी पुतण्याकडे बघितलं, पुतण्याने जमिनीकडे. सीझनची गर्दी, सकाळपासून फेऱ्या, त्यात पाण्याची ओढाताण. दिवसभरात मिळून एक बादली. वर कोरडा कडबा आणि सुका कोंडा. एरवीसुद्धा घोड्याला दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागतं, आणि ही तर उन्हात घामाने निथळली होती. मामांना मी निष्काळजी म्हणणार नाही. रोज खरारा करणारा, खूर स्वतः साफ करणारा, खोगिराखाली पाठ सोलवटली की त्या घोड्याला सुट्टी देणारा माणूस. पाणी मात्र त्या दिवशी कुणीच मोजलं नव्हतं.

गुंगीचं इंजेक्शन देऊन, खांद्यापर्यंत हातमोजा चढवून आतून तपासलं. मोठ्या आतड्याचं एक वळण कमरेच्या हाडाजवळ येतं, तिथे आतडं एकदम अरुंद होतं. नेमकं तिथेच कणकेच्या गोळ्यासारखं लागलं. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहिला. म्हणजे कोरडा चारा तुंबला होता. मला हायसं वाटलं. आतड्याला पीळ असता तर शस्त्रक्रियेशिवाय इलाज नव्हता, आणि या अवस्थेत तिला दस्तुरीपर्यंत चालवत न्यायचं, तिथून गाडीत घालून कुठे न्यायचं, हा विचारच नको वाटत होता.

वेदनाशामक दिलं, शिरेतून सलाईन सुरू केलं. मग नाकपुडीतून नळी घातली. या वेळी मी कुणाशीच बोलत नाही. नळी अन्ननलिकेत गेली तर मानेच्या डाव्या अंगाला कातडीखालून सरकताना दिसते. ती दिसल्याशिवाय थेंबही सोडायचा नाही. आधी जठरात काही तुंबलंय का ते पाहिलं, कारण घोड्याला उलटी करता येत नाही आणि भरलेल्या जठरात आणखी भर घातली तर ते फुटू शकतं. रिकामं होतं. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे आतड्यात पाणी ओढून घेणारं मीठ, घातलेलं कोमट पाणी सहा लिटर सोडलं, दोन तासांनी पुन्हा तेवढंच.

मग नुसती वाट बघणं. मामा तिला हळूहळू फिरवायचे, मी कुशीला कान लावायचे. मध्यरात्रीपर्यंत डावीकडे जवळजवळ शांतता. दोनच्या पुढे एक लांब गुरगुर ऐकू आली. मामांना बोलावलं, त्यांनीही कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. तीन वाजता नाडी ४४.

पहाटे पाचच्या सुमारास चंपाने शेपटी उचलली. आधी वाळके, चिकट आवरणाचे चार गोळे, पाठोपाठ ओलसर ढीग. मामांनी एक गोळा उचलून फोडला, आतला कोरडा कोंडा पुतण्यापुढे धरला. बोलले काहीच नाहीत. डोळे भरले होते त्यांचे.

तीन दिवस पूर्ण विश्रांती, भिजवलेला चारा थोडा थोडा, चिमूटभर मीठ, आणि समोर कायम भरलेली बादली, एवढं सांगून मी उतरले. दुपारी पुतण्याचा फोन आला. "ताई, दोन बादल्या संपल्या, तिसरी अर्धी."