छापून आल्यावर पैसे!

नवे प्रवासलेखक हमखास विचारतात, पिच, म्हणजे संपादकाला लेख सुचवणारा मेल, कशी लिहायची? पिच सोपी असते हो. कुठलं ठिकाण, आत्ताच का आणि मीच का, एवढंच सांगायचं. हरिहरची मी तशीच पाठवली होती: त्र्यंबकजवळचा गड, कातळात खोदलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या आणि बोटं अडकवायला कडेने खोबण्या. (पावसाळ्यातल्या रविवारी जाऊ नका. चढणारे नि उतरणारे त्याच पायऱ्यांवर समोरासमोर येतात.) दिल्लीच्या एका इंग्रजी मासिकाने होकार दिला, तोही 'ऑन स्पेक' नाही, म्हणजे 'आधी लिहा, मग बघू' असलं काही नाही, रीतसर कमिशन, म्हणजे लेख लिहून द्यायचं पक्कं काम. लेख गेला, दुरुस्त्या झाल्या, 'ॲक्सेप्टेड' असा मेलही आला.

घोळ पुढे झाला. करारात 'पेमेंट ऑन पब्लिकेशन' होतं आणि लेख रद्द झाला तर 'किल फी', मानधनाचा पाव हिस्सा. पावसाळी अंक आला, त्यात लेख नाही. विचारलं तर म्हणे, 'होल्डवर आहे.' अकाउंट्सवाल्यांचं म्हणणं, अंक ठरल्याशिवाय बिल चढवता येत नाही. बरं, मग किल फी तरी द्या! तर संपादकांचं उत्तर, 'लेख रद्द कुठे केलाय?' छापला नाही म्हणून मानधन नाही, रद्द केला नाही म्हणून किल फी नाही. वर 'एक्सक्लुझिव्ह'चं कलम, म्हणजे दुसऱ्या कुणाला द्यायचीही सोय नाही. होल्ड कधीपर्यंत, या प्रश्नाला तर उत्तरच येईना. मी इथे नाशकात गंगापूर रोडला बसून मेल पाठवतोय, तिकडून 'विल गेट बॅक' सोडून अक्षर नाही. पुढचा पावसाळाही तसाच गेला.

शेवटी कायदा काढला. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७, कलम १९(४): लिहून घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर ते हस्तांतरण संपतं, करारात वेगळं काही ठरलं असेल तर गोष्ट निराळी. माझ्या करारात तसं काही नव्हतं. हे कलम मेलमध्ये टाकल्यावर एरवी मुके असलेले संपादक दुसऱ्याच दिवशी बोलले. किल फी आली, हक्क परत दिल्याचं पत्र आलं. पुढे तोच लेख दुसरीकडे गेला, जास्त मानधनावर. ते सांगताना अजून बरं वाटतं.

तेव्हा 'पेमेंट ऑन ॲक्सेप्टन्स', म्हणजे लेख स्वीकारल्यावर लगेच पैसे, मागा. नाहीच म्हणाले, तर 'अमुक महिन्यांत न छापल्यास किल फी आणि हक्क परत' ही ओळ मेलवर लिहून घ्या. 'ऑल राइट्स' देऊ नका, 'फर्स्ट राइट्स', म्हणजे पहिल्यांदा छापण्यापुरतेच हक्क, द्या. नाहीतर स्वतःचाच लेख मराठीत करतानाही त्यांची परवानगी लागेल. हक्क किती काळासाठी दिले ती मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरतात. आणि हो, लीड टाइम! मासिकांचे अंक तीन-चार महिने आधी बांधायला घेतात, म्हणून पावसाळ्याची पिच होळीच्या सुमारास गेलेली बरी. फोटोंचे पैसे वेगळे मागा, लेखाच्या मानधनात ते गुपचूप धरून टाकतात.