डॉज एम-३७ वर इलेक्ट्रिक वायपर, काचेच्या चौकटीला नवीन भोक न पाडता

ड्रायव्हरच्या बाजूची मोटर बसली, वायरिंग झालं आणि परवाच्या पावसात गाडी चढावर नेऊन आणली. पूर्ण चढभर वायपर एका लयीत चालला. सगळं काम अजून संपलेलं नाही, पण चढावर वायपर अडकण्याचा मुख्य प्रश्न सुटलाय, म्हणून इथपर्यंतची नोंद.

नवीन मंडळींसाठी गाडीची ओळख. डॉज एम-३७ हा अमेरिकन लष्कराचा पाऊण टनी, चारही चाकांना ताकद असलेला ट्रक. १९५१ ते १९६८ या काळात तयार झाला, कोरियात आणि व्हिएतनाममध्ये राबला. २३० घनइंचाचं सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड इंजिन, ७८ अश्वशक्ती, २४ व्होल्टची यंत्रणा. डॉज हे नाव मराठी माणसाला परकं नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं क्रायसलरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक जुळवले होते. पेनसिल्व्हानियात राहून मी याच गाडीच्या मागे का लागलो, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

आता वायपर. एम-३७ चे मूळ वायपर व्हॅक्यूमवर चालतात. काचेच्या चौकटीवर दोन स्वतंत्र छोट्या मोटरी असतात. मोटरच्या आत अर्धगोल पोकळीत एक पातं असतं. इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधली, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधली, ओढ त्याला एका बाजूला खेचते, टोकाला पोहोचलं की झडप पलटते आणि ओढ दुसऱ्या बाजूनं लागते. रचना फार सुंदर आहे, वीज अजिबात लागत नाही. अडचण ओढीच्या स्वभावात आहे. इंजिन आयडलिंगला असताना व्हॅक्यूम पाऱ्याच्या १८ ते २० इंचांपर्यंत असतो. चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडतं आणि व्हॅक्यूम जवळपास शून्यावर येतो. म्हणजे गाडीला सगळ्यात जास्त जोर लागतो तेव्हाच वायपर थांबतो. यावर उपाय म्हणून फ्युएल पंपातच दुसरा डायफ्राम (लवचिक पडदा) दिलेला असतो, तो ओढीला हातभार लावतो. सपाटीवर तेवढा पुरतो, ॲलेघेनीच्या डोंगरातल्या लांब चढावर पुरत नाही.

इलेक्ट्रिककडे वळण्याआधी मूळ मोटरी पूर्ण खोलून दुरुस्त केल्या होत्या. मोटरच्या आतल्या पात्याचं सुकलेलं चामडं नीट्सफूट तेलात (चामडं मऊ करणारं तेल) मुरवलं, रबरी नळ्या बदलल्या. सपाट रस्त्यावर वायपर झकास चालू लागले, चढावर तसेच अडकले. दोष झिजेचा नसून तत्त्वाचाच आहे, एवढी खात्री झाल्यावरच पुढचं पाऊल टाकलं. तुम्हालाही हाच क्रम सुचवेन. चांगली दुरुस्त झालेली व्हॅक्यूम मोटर पाहिल्याशिवाय ती काढू नका.

मोटर निवडताना सगळ्यात जास्त विचार व्होल्टचा केला. बाजारात १२ व्होल्टच्या मोटरी ढिगानं मिळतात आणि ट्रकमध्ये १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. त्यामुळे एकाच बॅटरीवरून तार घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. ज्या बॅटरीवरून करंट काढाल ती सतत उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तापते, आणि काही काळानं दोन्ही बाद होतात. कन्व्हर्टर लावून २४ चे १२ करता येतात. पण वायपर मोटर अडकली तर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, म्हणजे कन्व्हर्टरही तेवढ्या ताकदीचा हवा. मी बोटींसाठी बनणारी २४ व्होल्टची मोटर घेतली. हिच्यात मोटर, गिअर आणि गोल फिरण्याचं झुलण्यात रूपांतर करणारी क्रँक हे सगळं एकाच डब्यात असतं, बाहेर नुसता दांडा येतो. पाणी आत जात नाही, आणि झुलण्याचा कोन कमीजास्त करता येतो. चार्जिंग चालू असताना २४ व्होल्टच्या गाडीत प्रत्यक्षात २८ च्या आसपास व्होल्ट असतात, ते मोटरला चालतात ना, हे घेण्याआधी बघा.

बसवताना एकच अट पाळली: जुनी मोटर परत लावायची ठरली तर पाना आणि स्क्रूड्रायव्हर एवढंच लागलं पाहिजे. म्हणून मूळ मोटरच्या स्क्रूंची भोकं वापरून पोलादाची जाड पट्टी लावली आणि नवीन मोटर त्या पट्टीवर कसली. दांडा मूळ भोकातूनच बाहेर काढला. नवीन मोटरचं अॅल्युमिनियम आणि चौकटीचं पोलाद यांच्यामध्ये रबर दिलं, नाहीतर ओलाव्यात दोन धातूंमध्ये गंज धरतो. वायपरचा हात बसवण्याआधी मोटर नुसतीच चालवून बंद केली, दांडा पार्किंगच्या जागी थांबल्यावर मग हात अडकवला. हा क्रम उलटा केला तर वायपरचं पातं पहिल्याच फेऱ्यात चौकटीवर आपटू शकतं.

अर्थिंगकडे खास लक्ष द्या. या ट्रकची काच पुढे बॉनेटवर आडवी करता येते, म्हणजे चौकट बिजागऱ्यांवर उभी असते. बिजागरीत रंग, ग्रीस आणि गंज. मल्टिमीटर लावून पाहिलं तर चौकट हलवताना रोध सारखा बदलत होता. तेव्हा चौकटीवर अवलंबून न राहता अर्थची वेगळी तार बॉडीपर्यंत आणली. एकूण तीन तारा झाल्या: चालू करण्याची, पार्किंगची आणि अर्थची. बिजागरीशी त्या पाणी न शिरणाऱ्या कनेक्टरमध्ये जोडल्या आहेत, काच आडवी करायची तर कनेक्टर ओढून काढायचा. लष्करी वायरिंगमध्ये प्रत्येक तारेला नंबर कोरलेली धातूची पट्टी असते. माझ्या तारांनाही तशाच पट्ट्या लावल्या. पुढे ज्याच्या हाती ही गाडी जाईल त्याला आपली तार कोणती आणि मूळ कोणती हे लगेच कळलं पाहिजे.

फ्यूजऐवजी आपोआप परत जोडला जाणारा थर्मल ब्रेकर लावलाय. इथे हिवाळ्यात पातं काचेला गोठून चिकटतं, प्रत्येक वेळी फ्यूज बदलत बसणं परवडणारं नाही. ओल्या काचेवर मोटर दोन अँपिअरच्या आतच घेते, त्यामुळे बॅटरीवर विशेष भार नाही.

व्हॅक्यूमची नळी नुसती काढून मोकळी सोडू नका. मॅनिफोल्डचं तोंड उघडं राहिलं तर फुकटची हवा आत जाऊन मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आयडलिंगला थरथरतं. मी तिथे पितळी प्लग लावला. फ्युएल पंपाच्या व्हॅक्यूम बाजूची दोन्ही तोंडं आखूड नळीनं एकमेकांना जोडली, म्हणजे त्यात धूळ जात नाही. पंप काढलाच असेल तर तो दुसरा डायफ्रामही तपासून घ्या. तो फाटला की इंजिनचं ऑइल मॅनिफोल्डमध्ये ओढलं जाऊन सायलेन्सरमधून धूर येतो, आणि लोक पिस्टन रिंगांना दोष देत बसतात.

पुण्या-कोल्हापूरकडे व्हॅक्यूम वायपरवाली जुनी विलीज जीप असणाऱ्यांना यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल, फक्त व्होल्ट आधी मोजा. गाडी अजून ६ व्होल्टवर असेल तर १२ ची मोटर रखडत फिरेल.

राहिलेलं काम. मोटरच्या ब्रशांमुळे रेडिओत खरखर येते, त्यासाठी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा आहे. शेजारच्या सीटसमोरच्या वायपरचा निर्णय अजून घेतलेला नाही. इलेक्ट्रिक मोटरचं वर्म गिअर हातानं फिरत नाही, म्हणजे मोटर बंद पडली की पातं जागच्या जागी अडकतं. मूळ व्हॅक्यूम मोटरला मात्र आतून हातानं फिरवायची दांडी आहे. माझा कल ती बाजू तशीच मूळ ठेवून गरजेला हातानं चालवण्याकडे आहे. कुणी दोन्ही बाजू इलेक्ट्रिक केल्या असतील तर मोटर बंद पडल्यावर काय सोय ठेवली आहे, ते जरूर कळवा.