पाच प्रती, मध्ये कार्बन

डिसेंबरात भाच्याचा फोन आला. चाकणला एका कंपनीत एचआरमध्ये आहे. "मावशी, फेल्युअर रिपोर्ट मिळाल्यापासून ९० दिवस म्हणतात, ते नेमके कुठून मोजायचे?"

मला हसूच आलं. १९८६ ते २०२२ एवढी वर्षं मी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लघुटंकलेखक होते (जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही). या काळात घरातल्या कुणी माझ्या कामाबद्दल विचारलं असेल तर एवढंच, की महागाई भत्ता कधी वाढणार. आणि आता निवृत्तीनंतर फेल्युअर रिपोर्ट!

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी. युनियन मागणीपत्र देते, कंपनी ऐकत नाही, मग प्रकरण सरकारकडे येतं. सरकार म्हणजे आमचे साहेब, कायद्याच्या भाषेत समेट अधिकारी. ते दोघांना समोरासमोर बसवतात. जमलं तर कलम १२(३) चा करार, नाही जमलं तर फेल्युअर रिपोर्ट, म्हणजे समेट झाला नाही असा अहवाल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने यासाठी १४ दिवस दिले होते. आमच्याकडे १४ महिने चाललेली प्रकरणंही मी टाइप केली आहेत.

समोरासमोर म्हटलं खरं, पण खरं काम समोरासमोर बसून होत नसे. पहिला अर्धा तास दोघं एकमेकांचे जुने हिशेब काढायचे. मग साहेब म्हणायचे, "चहा घेऊ या," आणि युनियनवाल्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवायचे, मॅनेजमेंटला आपल्या केबिनमध्ये. मधल्या पॅसेजमध्ये माझं टेबल. साहेब या खोलीतून त्या खोलीत. इकडचं बोलणं तिकडे जसंच्या तसं कधीच नेत नसत, थोडं धुऊन-वाळवून नेत. मी बसल्या जागी दोन्हीकडचं ऐकायचे आणि कोण किती खाली येणार हे मला बऱ्याचदा साहेबांच्या आधी कळायचं. बोलायची मात्र सोय नव्हती.

एक रात्र लक्षात आहे, नव्वदीच्या सुरुवातीची. एका इंजिनिअरिंग कंपनीत २३ दिवसांचा संप. रात्री दहाच्या सुमारास पगारवाढ जुळली, बोनस जुळला, आणि अडलं ते संपाच्या दिवसांच्या पगारावर. मॅनेजर म्हणाले, काम नाही त्याचा एक पैसाही देणार नाही, उद्या मालक मला घरी बसवतील. युनियनचे अध्यक्ष म्हणाले, २३ दिवस बुडाले असं गेटवर जाऊन कुठल्या तोंडाने सांगू? दोघांचंही खरं होतं. साहेब माझ्या टाइपरायटरच्या मागे उभे राहून मजकूर सांगत होते आणि या कलमाशी थांबले. पाच कागद, मध्ये चार कार्बन, चूक झाली तर पाचही प्रतींवर खाडाखोड. शेवटी म्हणाले, "लिहा बाई, औद्योगिक शांततेसाठी एकरकमी सानुग्रह रक्कम." आकडा साधारण १२-१३ दिवसांच्या पगाराएवढा होता, पण 'पगार' हा शब्द कुठेच नव्हता आणि 'संपकाळ' हाही नव्हता. दोन्ही बाजूंनी सह्या झाल्या. साडेअकरा वाजून गेले होते, मला घरी सोडायला त्या मॅनेजरचीच गाडी आली आणि पुढच्या सीटवर युनियनचे खजिनदार बसलेले.

साहेबांचं लोक ऐकायचे ते काही गोड बोलण्यामुळे नव्हे. फेल्युअर रिपोर्ट जायचा फक्त सरकारकडे, आणि वाद ट्रायब्युनलकडे (औद्योगिक न्यायाधिकरणाकडे) पाठवायचा की नाही हे सरकार ठरवायचं. कोर्टाच्या दारावर सरकार बसलेलं, त्यामुळे दोन्ही बाजू दबून असायच्या. याची काळी बाजूही मी पाहिली आहे. रिपोर्ट गेला की कामगार माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, "बाई, आमचं काय झालं?" त्यांच्या हातात कागद नसे. नकार आला तर सरकारला कारण कळवावं लागायचं, पण ते कळेपर्यंत माणूस गावाकडे शेळ्या राखायला गेलेला असायचा. कामावरून काढलेल्या एकट्या माणसाला तरी २०१० च्या दुरुस्तीने ४५ दिवसांनंतर थेट कोर्टात जायची वाट मिळाली. युनियनच्या मागण्यांसाठी दार तेच राहिलं.

२१ नोव्हेंबर २०२५ ला १९४७ च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि ते दार निघालं. आता रिपोर्ट दोन्ही बाजूंना मिळतो आणि ९० दिवसांत त्यांच्यापैकी कुणीही सरळ ट्रायब्युनलकडे अर्ज करू शकतं, सरकारच्या परवानगीची गरज नाही. मला हे मनापासून पटतं. मात्र साहेबांच्या हातातली काठीही त्याबरोबर गेली. ज्याच्याकडे महिन्याच्या पगारावर वकील आहे तो आता म्हणणार, "चहा नको, फेल्युअर द्या."

दुसरीकडे संपाची नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की समेटाची कारवाई सुरू, आणि ती चालू असेतो व संपल्यावर ७ दिवस संप करायचा नाही. १४ दिवसांच्या नोटिशीचं महाराष्ट्राला नवल नाही, कामगार संघटनांच्या मान्यतेबद्दलच्या आपल्या १९७१ च्या कायद्यातही ती होती. पण समेटाची खोली ही कामगाराला रोखून धरायची खोली होऊ शकते, ही भीती फार जुनी आहे. १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या सरकारने संपाआधी समेटाची पायरी सक्तीची करणारा कायदा आणला, तेव्हा डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, ज्यांचं एरवी फारसं पटत नसे, एकत्र आले आणि ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. पुढे १९४२ ते १९४६ याच आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळलं आणि सरकार, मालक, कामगार अशा तिघांना एका टेबलाशी बसवण्याची घडी बसवली. मला यात विसंगती वाटत नाही. टेबल हवंच, दार बाहेरून बंद करू नका एवढंच म्हणणं.

टेबलाशी कोण बसणार, हा प्रश्न उरतोच. माझे मामा लालबागला कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांची प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्यामागे माणसं नाहीत आणि ज्यांच्यामागे माणसं त्यांना कायद्याने खुर्ची नाही. तो संप कुणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही. मामा गावी गेले, ते परत आले नाहीत.

आमच्या ऑफिसात नंतर नंतर टाइपरायटर गेला आणि करार पेन ड्राइव्हवर येऊ लागले. कंपनीच्या कॉन्फरन्स रूममध्ये सगळं आधीच ठरलेलं, उत्पादकतेचे तक्ते जोडलेले. साहेबांपुढे वीस मिनिटांत सह्या, फोटो, पेढे. मग आमच्याकडे यायचंच कशाला? कारण आपापसात केलेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. समेटात झालेला १२(३) सगळ्यांना बांधतो, दुसऱ्या युनियनच्या माणसालाही आणि उद्या भरती होणाऱ्यालाही. कंपनीला शिक्का हवा असे, साहेब नकोत. मीही तोवर 'बाई'ची 'मॅडम' झाले होते.

आणि त्या पेढ्यांच्या दिवशी व्हरांड्यात दुसरी मुलं उभी असत. त्याच कंपनीच्या त्याच लाइनवर काम करणारी, पण ठेकेदाराची. अर्जात मालकाचं नाव काय लिहायचं इथूनच त्यांचा घोळ. कंपनी म्हणे आमची नाहीत, ठेकेदार तारखेला यायचा नाही. कुणालाही हजर करायला लावण्याचा अधिकार साहेबांना होता, पण तो वापरलेला मी माझ्या नोकरीत दोनदा पाहिला. त्यांचे फेल्युअर रिपोर्ट अर्ध्या पानात संपायचे.

भाच्याला सांगितलं, ज्या दिवशी रिपोर्ट तुमच्या हातात पडला त्या दिवसापासून मोज, आणि पाकीट फेकू नकोस, पोस्टाचा शिक्का लागतो. तो म्हणाला, "मावशी, आता ईमेलने आला तर?"

"मग त्यावरची तारीख बघ रे. आणि तुमच्या युनियनच्या पोरांनाही सांग, त्यांना कोण सांगणार?"

"मी एचआरमध्ये आहे, मावशी."

"माहितीये," म्हटलं, "तरी सांग."