बॉलपेनचे डोंगर आणि पिवळी पडलेली सेलोटेप

शिकागोत कागदी चित्रांच्या दुरुस्तीचं काम करताना जोसेफ योकमचं चित्र टेबलावर आलं, की आधी ॲसिटोन आणि स्पिरिटच्या बाटल्या उचलून दुसऱ्या खोलीत ठेवायच्या. त्याच्या रेषा बॉलपेनच्या आहेत. स्पिरिटचा एक थेंब लागला तरी निळी शाई पसरते आणि डोंगराची कड गेली म्हणून समजा.

त्या दिवशीचा कागद साधारण 12 बाय 19 इंचांचा. वरच्या कडेपासून फाटत आलेला, थेट शीर्षकातून. फाटीवर कोणीतरी पुढच्या बाजूनेच सेलोटेप चिकटवलेली. शेजारी तारखेचा रबरी शिक्का.

मिसुरीत जन्मलेला योकम तरुणपणी सर्कशींबरोबर फिरला, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला. चित्रं सुरू केली 1962च्या सुमारास, सत्तरी गाठल्यावर. 1972च्या नाताळात वारला, तोवर दोनेक हजार निसर्गचित्रं झाली होती. चित्रकलेचं शिक्षण काही नव्हतं. डोंगर 'आध्यात्मिक उलगड्या'तून येतात, असं तो म्हणायचा. सूक्ष्मदर्शकाखाली हा उलगडा फार शिस्तीचा दिसतो. बॉलपेनची कडा दाबून काढलेली, बहुतेक ठिकाणी दुहेरी. आत रंगीत पेन्सिल किंवा पेस्टल, आणि तो रंग टॉयलेट पेपरच्या बोळ्याने घासून कागदात मुरवलेला. पेनने पडलेली चर मात्र तशीच राहते. म्हणून असा कागद सपाट करायला जड वजन ठेवायचं नाही. चर बुजली की कातळाचा उठाव जातो.

आधी चाचणी घेतली. शिक्क्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढं पाणी लावून टीपकागद टेकवला, तर जांभळा डाग उठला. शीर्षकातल्या एका टिंबाला तेवढंच स्पिरिट लावलं, तर निळं. म्हणजे एका शाईला पाणी वर्ज्य, दुसरीला स्पिरिट, आणि दोन्ही एका इंचाच्या आत. स्पिरिटने ओला करून बसवायचा तयार चिकट कागद इथे बाद. राहिली आपली गव्हाची खळ, तीही जवळजवळ कोरडी.

टेपचा वरचा पापुद्रा कोमट स्पॅच्युलाने दोन-दोन मिलिमीटर सरकत सोडवला. घाई केली तर गोंदाबरोबर अक्षरं उचलली जातात, आणि उष्णता वाढली तर पेन्सिलचं मेण मऊ पडून रंग चमकायला लागतो. मोकळ्या कागदावरचा गोंद क्रेप रबराने, म्हणजे गोंद ओढून घेणाऱ्या कच्च्या रबराच्या तुकड्याने, गोळ्या करत काढला. अक्षरांवरचा काढलाच नाही. त्यावर सेल्युलोजची पूड भुरभुरून फक्त चिकटपणा मारला. ग्राहकाला हे पटवायला टेप सोडवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

फाट मागून जोडली. पातळ कोझो कागदाची (लांब तंतूंचा जपानी कागद) सेंटीमीटरभर पट्टी, कापून नाही, फाडून घेतलेली, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात. तिला घट्ट खळ लावून अर्धा मिनिट टीपकागदावर ठेवली, पाणी ओढून घेतलं, मग बसवली. शिक्क्यामागचा भाग सोडून दोन तुकड्यांत. वर टीपकागद आणि काचेचं हलकं वजन.

चौकट लावण्याआधी माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या किनारीखाली, झाकलेली कड पाहिली. तिथलं आकाश गुलाबी होतं, बाकीचं उजेडाने उडून जवळजवळ पांढरं. पावतीवर लिहून दिलं: 50 लक्सपेक्षा जास्त उजेड नको, खिडकीसमोर नको. योकम स्वतः चित्रं आपल्या दुकानवजा खोलीच्या खिडकीत लावायचा.