भोरडीचा हिशेब

भोरडीचे नाव काढले की आमच्या पूर्णाकाठच्या गावांतल्या जुन्या माणसांना आजही गोफण आठवते. ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला की शेकडो पाखरे एकदम वावरात उतरत आणि माळ्यावरचा सोकारी (पाखरे हाकणारा राखणदार) ओरडून दमला तरी एखादा तुकडा मोकळा करूनच उठत. त्यामुळे हा पक्षी जपावा असे म्हणताच पहिला आक्षेप शेतकऱ्याचा येतो, आणि तो रास्तच आहे. मात्र हा सारा हिशेब वर्षातल्या थोड्या दिवसांचा आणि एकाच पिकाचा आहे, आणि तो अपुरा आहे असे माझे मत आहे.

भोरडी मैनेच्या कुळातली असून आकाराने जवळपास साळुंकीएवढी असते. मोठ्या पक्ष्याचे डोके, पंख व शेपटी काळी, डोक्यावर मागे झुकलेला तुरा आणि पाठ-पोट गुलाबी असते. त्या वर्षीची पिल्ले मात्र मातकट रंगाची असल्याने एकाच थव्यात दोन जाती मिसळल्यासारखे वाटते. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून ती आपल्याकडे येऊ लागते आणि एप्रिलपर्यंत परतते. घरटी ती इथे बांधतच नाही. कझाकस्तान, पश्चिम चीन आणि आग्नेय युरोपातल्या गवताळ प्रदेशांत, मे-जूनच्या सुमारास, दगडांच्या कपारींत तिच्या मोठ्या वसाहती वसतात आणि पिल्ले मुख्यतः टोळ-नाकतोड्यांवर पोसली जातात. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांना आळा बसावा म्हणून कुरणांजवळ मुद्दाम दगडांचे ढीग रचून या पक्ष्याला घरट्यांसाठी जागा करून दिली जाते, आणि पिल्ले उडेपर्यंत रस्त्याचे काम थांबवल्याचेही तिथे घडले आहे. (मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत टोळधाड आली, तेव्हा भोरड्या कुठे होत्या असे कोणी विचारील, त्या दिवसांत त्या हजारो किलोमीटर दूर, आपापल्या घरट्यांत असतात.)

इकडचे तिचे काम हरभऱ्याच्या वावरात पाहावे. थवा जमिनीवर उतरतो, पुढचे पक्षी चालत चालत किडे टिपतात, मागे राहिलेले त्यांच्या डोक्यावरून उडून पुढे येऊन बसतात, आणि असे करत सबंध थवा या धुऱ्यापासून (बांधापासून) त्या धुऱ्यापर्यंत सरकत जातो. हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीला आळा घालण्यासाठी वावरात पक्षीथांबे (पक्ष्यांना बसायला काठ्या) उभारा असे कृषी विभाग सांगतो, ते अशाच किडे खाणाऱ्या पक्ष्यांच्या भरवशावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, काटेसावर आणि पांगारा फुलला की हीच पाखरे मधासाठी फांद्यांवर भांडत असतात. पळसाच्या फुलात चोच खुपसून बाहेर काढलेल्या भोरडीच्या काळ्या कपाळावर परागांची पिवळी पूड स्पष्ट दिसते, आणि तीच पुढच्या झाडावर जाते. वड, पिंपळ, उंबराची फळे खाऊन त्यांचे बी दूरवर टाकण्याचे कामही त्यांच्याकडून होते.

ज्वारीची तक्रार मला टाळायची नाही. सोयाबीन आल्यापासून आमच्याकडची ज्वारी इतकी घटली की आता शिवारात एखाद्यानेच ती पेरली तर आजूबाजूची सगळी पाखरे त्याच्याच वावरात येतात, आणि तो पुढच्या वर्षी ज्वारीचे नाव घेत नाही. चार-सहा शेजाऱ्यांनी ठरवून एकाच सुमारास पेरली तर नुकसान वाटले जाते आणि कडब्याचीही सोय होते. याला पक्षीसंवर्धन म्हणायचे की शेतीतला व्यवहार, हा वाद मला निरर्थक वाटतो.

भोरडी आज संकटग्रस्त नाही. तिची संख्या मोठी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिला मारता किंवा पकडता येत नाही. स्थलांतरित प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८३ पासून आहे आणि त्या कराराची परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला झाली. तथापि अशा चर्चांत पाणथळ जागा आणि तिथले मोठे पक्षी यांचाच बोलबाला असतो. कोरडवाहू शिवारातले पाखरू कोणाच्या फारसे लक्षात येत नाही. प्रत्यक्षात तिचे बिघडते ते नाला खोलीकरणात काठच्या बाभळी मुळासकट उपटल्या जातात तेव्हा, कारण संध्याकाळी हजारोंच्या संख्येने ती मुक्कामाला येते ते अशाच काटेरी, दाट झाडीत. रस्ता रुंदीकरणात वड-उंबर पडतात, धुऱ्यावरचा पळस ट्रॅक्टरला आडवा येतो म्हणून जातो, आणि त्यांच्या बदल्यात लावलेली शोभेची रोपे तिच्या काही उपयोगाची नसतात.

म्हणून येत्या ग्रामसभेत माझी मागणी साधी राहील: नाल्याच्या कामाचा आराखडा मंजूर करताना निदान एका काठाच्या बाभळी राखाव्यात, पांदण रस्त्याच्या कडेचे उंबर व पळस मोजून नोंदवहीत घ्यावेत, आणि नव्याने झाडे लावायची असतील तर ती सावर, वड आणि पांगाऱ्याची असावीत.